तोंडातल्या लाळग्रंथीच्या गाठीची सुई तपासणी

टाळूला, ओठाच्या आतून, गालात किंवा जिभेच्या मुळाशी लाळग्रंथीची गाठ आली की ती कसली आहे ते बघायला बारीक सुईने तिच्यातल्या पेशी ओढून काचेवर पसरतात आणि मायक्रोस्कोपखाली तपासतात, ही झाली सुई तपासणी, डॉक्टरांच्या भाषेत एफएनएसी. सांगली-मिरजेकडं कुणी याला 'सुईची तपासणी' म्हणतं, कुणी 'पाणी काढून बघणं', पण गाठीत पाणी असेलच असं काही नाही आणि निघतं ते सुईच्या पोकळीत मावेल एवढंच. जाड सुईने काडीसारखा तुकडा काढला तर ती कोअर बायोप्सी, आणि ब्लेडने किंवा पंचने (गोल तुकडा कापायच्या हत्याराने) तुकडा कापला तर नेहमीची बायोप्सी. बोलताना लोक तिन्हींना सरसकट बायोप्सीच म्हणतात आणि पुढं रिपोर्ट हातात आला की तिथंच घोळ होतो.

लाळग्रंथी म्हटलं की कानाखालची, गालगुंडात सुजते ती पॅरोटिड आठवते. मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: पॅरोटिड, जबड्याखालची आणि जिभेखालची. पण त्याशिवाय तोंडाच्या आतल्या अस्तरात शेकड्यांनी, साधारण ६०० ते १००० बारक्या ग्रंथी विखुरलेल्या असतात आणि त्यांच्या गाठी सगळ्यात जास्त टाळूलाच येतात. इथं एक उलटं गणित आहे, ग्रंथी जितकी लहान तितकी गाठ कॅन्सरची निघण्याची शक्यता जास्त. पॅरोटिडच्या गाठींपैकी साधारण पाव भाग किंवा त्याहून कमी कॅन्सरच्या निघतात, पण तोंडातल्या बारक्या ग्रंथींमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा वर जातं, म्हणून टाळूची न दुखणारी गुळगुळीत गाठ 'दुखत नाही ना, मग राहू दे' म्हणून सोडून देण्यासारखी नसते. बऱ्याच वयस्कर माणसांना तर ती कळते कवळी नीट बसेना झाल्यावर.

आपल्या भागात मिश्री, तंबाखू, गुटखा एवढा चालतो की तोंडात काहीही आलं की घरचे आधी त्यालाच धरतात. तंबाखूने होतो तो तोंडाचा नेहमीचा कॅन्सर अस्तराच्या पेशींचा असतो, त्यात चट्टा, जखम, कडक झालेली किनार दिसते. लाळग्रंथीची गाठ अस्तराच्या खाली वाढते, वरची कातडी पुष्कळ दिवस नीट असते आणि तंबाखूशी तिचं तेवढं थेट नातं नाही. त्यामुळं जन्मात तंबाखू न खाल्लेल्यालाही ती होते, आणि मिश्री लावणाऱ्या आजींच्या टाळूची गाठ मिश्रीचीच असं धरून चालत नाही. टाळूच्या बरोबर मध्यावर दगडासारखं कडक उंचवटं असेल तर ते बहुतेक वेळा हाडाचंच असतं, त्याला टोरस म्हणतात, तिथं सुई घालून काही मिळत नाही. ग्रंथीच्या गाठी सहसा मध्य सोडून एका बाजूला, मागं, कडक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो तिथं असतात. किडलेल्या दाढेचा पू टाळूकडं उतरला तरी गाठ दिसते, म्हणून सुईच्या आधी दात बघतात, गरजेप्रमाणं एक्सरे किंवा सीटी काढतात. आणि गाठ निळसर असेल, ठोके लागत असतील तर रक्तवाहिनीची शंका असते, तिथं स्कॅनशिवाय सुई लावत नाहीत.

प्रत्यक्ष कामाला पाच-दहा मिनिटं लागतात. २२ ते २५ गेजची सुई (गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी सुई बारीक), १० किंवा २० मिलीची सिरिंज, बधिर करायचा स्प्रे, बास. टाळूची कातडी हाडाला घट्ट चिकटलेली असते त्यामुळं तिथं भूल द्यायचं इंजेक्शनच जास्त झोंबतं, म्हणून काही डॉक्टर नुसत्या स्प्रेवर भागवतात. सुई आत गेली की थोडी ओढ देऊन ती मागंपुढं, वेगवेगळ्या दिशेनं हलवतात आणि बाहेर काढायच्या आधी ओढ सोडून देतात, नाहीतर सगळा माल सिरिंजमध्ये उडतो आणि काचेवर काही राहत नाही. मग काही काचा हवेत वाळवतात आणि काही लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात, कारण वाळलेल्यांवर गिम्साचा रंग चांगला बसतो आणि ओल्यांवर पॅपचा. पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशी तपासणारा डॉक्टर, शेजारीच असेल तर तिथल्या तिथं एक काच रंगवून पेशी पुरेशा आल्यात का बघतो, पुन्हा हेलपाटा वाचतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगायचं.

काचेवर काय दिसतं ही या तपासणीतली सगळ्यात रंगतदार आणि सगळ्यात अवघड गोष्ट. सगळ्यात जास्त आढळणारी साधी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा, तिच्यात पेशींबरोबर धाग्याधाग्यांचा, कडा विस्कटलेला पदार्थ येतो, गिम्सावर तो जांभळट-गुलाबी आणि पेशी त्यातच गुंतलेल्या. अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा कॅन्सर, त्यातही तसाच रंग येतो, पण इथं गुळगुळीत कडांचे गोल गोळे असतात आणि भोवती गडद बारक्या पेशींचं कडं. पुस्तकात फरक सोपा वाटतो, काचेवर कधी कधी दोन्ही एकमेकांसारखे दिसतात, आणि फरक तर मोठा आहे, कारण दुसरा नसांच्या (मज्जातंतूंच्या) कडेनं सरकतो, टाळू बधिर होतो, आणि ऑपरेशननंतर दहा-पंधरा वर्षांनीही फुप्फुसात उगवू शकतो. म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमाची तऱ्हा अजून वेगळी, सौम्य प्रकारात सुईला नुसता चिकट बुळबुळीत द्रव येतो आणि साधी सिस्ट, म्हणजे द्रवाची पिशवी, म्हणून निसटून जातो. टाळूच्या पॉलिमॉर्फस अ‍ॅडेनोकार्सिनोमात पेशी इतक्या सभ्य दिसतात की सुईवरून नाव घालणं जोखमीचंच.

म्हणून रिपोर्टमध्ये नावापेक्षा वर्ग महत्त्वाचा. २०१८ पासून मिलान पद्धत वापरात आली, तिच्यात सहा वर्ग आहेत: अपुरा नमुना, गाठ नसून सूज वगैरे, नक्की सांगता न येणारं, गाठ, कॅन्सरची शंका आणि कॅन्सर. चौथ्या वर्गाचे दोन भाग, एक साधी गाठ आणि दुसरा 'गाठ आहे, पण साधी की कॅन्सरची ते सांगता येत नाही'. २०१८ च्या पहिल्या आवृत्तीत साध्या गाठीच्या वर्गात कॅन्सर निघायचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी धरलं होतं, त्या दुसऱ्या भागात सुमारे ३५, कॅन्सरच्या वर्गात ९०. आणि अपुऱ्या नमुन्यातही तेव्हा सुमारे २५ टक्के धरलं होतं, म्हणजे 'काही मिळालं नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा घ्यायचा नसतो, हे आमच्याकडं फार लोकांना कळत नाही, कागद घडी करून खिशात घालतात आणि ऊस तुटून गेल्यावर बघू म्हणतात.

"सुई लावून पसरणार नाही ना ओ?" हा प्रश्न प्रत्येक ओपीडीत असतोच. बारीक सुईच्या वाटेनं पेशी पसरणं फारच दुर्मिळ, त्या भीतीनं तपासणी टाळण्यात अर्थ नाही. पॅरोटिडमध्ये कापून तुकडा घेणं मात्र टाळतात, तिथं गाठ फुटून सांडू शकते आणि चेहऱ्याची नस आडवी असते, त्यामुळं तिथं सुईला पर्याय कमीच. टाळूचं तसं नाही, गाठ हाताशी असते आणि ऑपरेशनमध्ये वरची कातडीही बरोबर काढायची असते, म्हणून बरेच सर्जन सुईवर न थांबता सरळ पंच बायोप्सी घेतात, आणि वर जखम झालेली असेल तर तेच बरं. माझ्या मते तोंडातल्या गाठीत सुईचं खरं काम नाव ठरवणं नाहीच, ऑपरेशन किती मोठं करायचं आणि किती घाईनं, ते ठरवायला ती मदत करते. गाठीच्या आवरणाबाहेर पेशी घुसल्यात का हे सुईला दिसतच नाही, ते गाठ पूर्ण काढून तपासल्यावर कळतं.

ही पद्धत १९३० मध्ये न्यूयॉर्कला मार्टिन आणि एलिस यांनी मांडली, तेव्हा सुई चांगली जाड, १८ गेजची होती, बारीक सुईचं वळण नंतर स्वीडनमधल्या डॉक्टरांनी लावलं. इकडं जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, अगदी अथणीकडचेही पेशंट अशा कामाला मिरजेला येतात, वानलेसांच्या मिशन हॉस्पिटलपासून आणि १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेजपासून हे गाव दवाखान्यांचंच झालंय, साताऱ्याच्या बाजूचे कराडला जातात. दुसऱ्या डॉक्टरकडं दाखवायचं झालं तर नुसता रिपोर्टचा कागद घेऊन जाऊ नये, लॅबमधून काचा मागून घ्याव्यात, मिळतात, कापडात गुंडाळून डब्यात ठेवायच्या, म्हणजे तिथला पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघू शकतो आणि पुन्हा सुई घालायची वेळ बहुतेक येत नाही.