शाळेत औषध देण्याचे नियम आले कुठून?

अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेत मुलाला दुपारी एक गोळी द्यायची म्हटली, तरी आधी फॉर्म भरावा लागतो. त्यावर डॉक्टरांची सही लागते, पालकांचीही लागते. औषध मूळ बाटलीत हवं, लेबलवर त्याच मुलाचं नाव हवं. बहुतेक शाळांत खोकल्याचं साधं औषधही दप्तरातून पाठवता येत नाही, आणि ताप येऊन गेला असेल तर औषध न घेता 24 तास ताप नसल्याशिवाय वर्गात बसता येत नाही. नव्या पालकांना हा कागदी जाच वाटतो. पण हे नियम एका दिवशी, एका टेबलावर बसून कुणी लिहिलेले नाहीत. प्रत्येकामागे वेगळं कारण आहे. ते ठाऊक असलं, तर कुठला नियम निमूट पाळायचा आणि कुठल्या नियमाबद्दल शाळेशी बोलायचं, हे ठरवता येतं.

सुरुवात औषधापासून नाही, मुलांना घरी पाठवण्यापासून झाली. 1894 मध्ये बॉस्टनमध्ये घटसर्पाची साथ आली तेव्हा शहराने 50 डॉक्टर नेमले. त्यांनी रोज शाळेत जायचं, शिक्षकांनी बाजूला काढलेली मुलं तपासायची आणि आजारी दिसेल त्याला घरी पाठवायचं. घटसर्पात घशात पडदा धरून मूल गुदमरायचं, त्यामुळे ही सक्ती समजण्यासारखी होती. न्यूयॉर्कने 1897 मध्ये हीच पद्धत उचलली. तिथे मात्र ती भलत्याच वळणावर गेली.

तिथल्या मुलांत खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, उवा यांचं प्रमाण मोठं होतं. तपासणीला आलेल्या डॉक्टरांचं काम रोग ओळखण्यापुरतं; उपचार त्यांच्याकडे नव्हता. मुलाला चिठ्ठी देऊन घरी धाडायचं, की झालं. घरची माणसं नुकती परदेशातून आलेली, इंग्रजी न कळणारी, हातावर पोट असलेली. चिठ्ठी तशीच पडून राहायची आणि मूल आठवडेच्या आठवडे शाळेबाहेर. शिवाय ज्यांच्यापासून त्याला दूर ठेवलं, त्याच मुलांशी ते संध्याकाळी गल्लीत खेळायचं. म्हणजे शिक्षण बुडालं ते बुडालंच, संसर्गही थांबला नाही.

हेन्री स्ट्रीट सेटलमेंट ही वस्तीतली परिचारिकांची संस्था चालवणाऱ्या लिलियन वॉल्ड यांना हे रोज दिसत होतं. डोक्यावरच्या फोडांमुळे शाळेतच न घेतलेला एक बारा वर्षांचा मुलगा त्यांना भेटला होता, आणि साध्या मलमाने, नियमित शुश्रूषेने तो बरा झाला होता. 1902 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपली परिचारिका लीना रॉजर्स यांना एका महिन्याच्या प्रयोगासाठी शहराच्या शाळांत पाठवलं. चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुलं त्यांच्या वाट्याला आली. रॉजर्स जखमा धुऊन पट्ट्या बांधत, डोळ्यांची आणि त्वचेची देखभाल शाळेतच करत, आणि जे मूल शाळेत येत नसे त्याच्या घरी जाऊन आईला उपचार समजावून सांगत. 1902 च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या शाळांतून 10,567 वेळा मुलांना घरी पाठवलं गेलं होतं. वर्षभरानंतर, 1903 च्या सप्टेंबरमध्ये हा आकडा 1,101 वर आला. तोवर शहराने आणखी परिचारिका नेमल्या होत्या. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा क्षण. ‘कुणाला बाहेर काढायचं’ हा प्रश्न मागे पडून ‘हे मूल वर्गात राहावं म्हणून काय करावं लागेल’ हा प्रश्न पहिल्यांदा पुढे आला.

लसीचा भाग त्या मानाने सरळ आहे. प्रवेशासाठी लस सक्तीची करण्याचा अधिकार 1922 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, आणि तो पाया अजून टिकून आहे.

औषधांच्या फॉर्मची मुळं मात्र नंतरची. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारी औषधं कोणती आणि दुकानात सहज मिळणारी कोणती, ही विभागणी 1951 च्या कायद्याने पक्की केली. लहान मुलांच्या अतिचंचलतेवर दिलं जाणारं मेथिलफेनिडेट 1971 मध्ये कडक नियंत्रणाच्या यादीत गेलं. म्हणून आजही अनेक शाळांत ही बाटली पालकांनी स्वतः आणायची असते. परिचारिका आणि पालक समोरासमोर बसून गोळ्या मोजतात, आकडा लिहितात, दोघं सही करतात, मग बाटली कुलूपबंद कपाटात जाते. यात पालकांवर संशय नसतो; एखादी गोळी कमी पडली तर ती कधी गेली हे कळावं, एवढाच हेतू. ‘साधी गोळी तर आहे’ या युक्तिवादाला ॲस्पिरिनने उत्तर दिलं. फ्लू किंवा कांजिण्यांत ती दिलेल्या मुलांना यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा राय सिंड्रोम होण्याचा धोका दिसला, आणि 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर बोलणाऱ्या सरकारच्या प्रमुख डॉक्टरांनी, तसा इशारा दिला.

याच सुमारास दुसरा प्रवाह जोर धरत होता. 1973 आणि 1975 च्या कायद्यांनी अपंग आणि दीर्घ आजार असलेल्या मुलांना शाळेचा हक्क दिला. टेक्सासमधल्या एका लहान मुलीला पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे दर काही तासांनी नळीने लघवी काढून द्यावी लागायची. शाळा म्हणाली, हे आमचं काम नाही. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते शाळेचंच काम ठरवलं: प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती काही मिनिटांत करू शकते अशा मदतीअभावी मुलीचं शिक्षण अडता कामा नये.

तरीही 1986 च्या अमली पदार्थविरोधी शालेय कायद्यानंतरच्या कडक वातावरणात अनेक शाळांनी सगळी औषधं एकाच तागडीत तोलली. दम्याचा इनहेलरही कार्यालयाच्या कपाटात गेला. दम्याचा झटका मैदानावर येतो आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो जेवायला गेलेला असतो. हा नियम मुलांच्या जिवाशी खेळणारा होता. 2004 च्या संघीय कायद्याने मुलांना इनहेलर स्वतःजवळ ठेवू देणाऱ्या राज्यांना अनुदानात प्राधान्य दिलं. 2013 मध्ये हीच युक्ती ॲलर्जीच्या तीव्र झटक्यात द्यायच्या ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शनसाठी वापरली गेली: शाळेत कुणाच्याही नावावर नसलेला साठा ठेवायचा, म्हणजे ॲलर्जी आहे हे आधी ठाऊकच नसलेल्या मुलालाही ते वेळेत देता येतं.

सगळे नियम अजून या बाजूला आलेले नाहीत. डोक्यात लिखा दिसल्या की घरी पाठवायची पद्धत काही शाळांत सुरू आहे, बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने ती सोडा असं सांगून बरीच वर्षं झाली तरी. उवांनी रोग पसरत नाही आणि दिसणाऱ्या लिखांत बऱ्याच रिकाम्या असतात, हे त्यामागचं कारण. मुलाला अशा कारणाने घरी पाठवलं, तर अकादमीचा हा सल्ला शाळेपुढे जरूर ठेवा. इनहेलर मुलाजवळ ठेवण्याची परवानगी वेगळ्या फॉर्मवर लेखी मागावी लागते, तीही शाळा सुरू होण्याआधीच मागून घ्या.