बाळंतिणीचा थकवा आणि तुमचं पहिलं कोष्टक

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानात नर्सिंगच्या विद्यार्थिनी प्रबंधाचा डेटा घेऊन येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, मीन आणि एसडी काढून द्याल ना?" म्हणजे सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप). देतो की. पाच मिनिटांचं काम आहे. पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसलेले परीक्षक त्या आकड्यांचा अर्थ विचारतात, आणि तिथे आम्ही नसतो. म्हणून हे पत्रक.

समजा, सात बाळंतिणींना रात्रीची झोप विचारली. उत्तरं तासांत आली: २, ३, ३, ४, ४, ५, १४. सरासरी बरोबर ५. पण सातांतल्या पाच जणी त्याहून कमी झोपल्या आहेत. मग ही सरासरी नेमकी कुणाची? क्रमाने लावून मधला आकडा पाहिला, म्हणजे मध्यक, तर तो ४. स्टँडर्ड डेव्हिएशन ४.१, जवळजवळ सरासरीएवढंच. असं दिसलं की आम्ही मूळ फॉर्म मागतो. तान्हं बाळ कुशीत असताना रात्री चौदा तास झोप? घरातल्या कुठल्याही आजीला विचारा! बहुतेकदा फॉर्मवर नुसता ४ असतो, टाइप करताना आधी १ चिकटलेला. तो सुधारला की सरासरी ३.६ वर येते, स्टँडर्ड डेव्हिएशन १ च्या आत. मध्यक मात्र जागचा हलत नाही. फॉर्मवर खरंच १४ असेल तर आम्ही तो खोडत नाही. प्रश्न रात्रीच्या झोपेचा होता की दिवसभराच्या, हे तुम्हाला विचारतो. आकडे असे एका बाजूला ओढलेले असतील तर कोष्टकात मध्यक आणि चतुर्थकं (क्रमाने लावलेल्या आकड्यांचे चार सारखे भाग पाडणारे आकडे) द्या.

थकव्याची तीव्रता मोजायला फटीग सिव्हिअरिटी स्केल ही प्रश्नावली पुष्कळ जणी वापरतात. नऊ वाक्यं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, नवांची सरासरी; ४ किंवा वर गेली की थकवा दखल घेण्याजोगा, असं सहसा धरतात. पण १९८९ मध्ये हे मापन आलं ते मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) आणि ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) यांच्या रुग्णांवर तपासून, ओल्या बाळंतिणींवर नव्हे. म्हणून "६० टक्के मातांना तीव्र थकवा" असं ठोकून देऊ नका. "इतक्या जणींचे गुण ४ किंवा अधिक" एवढंच लिहा. आणि गुजराती फॉर्मवर "थाक" विचारलं, बाईने "अशक्ती" समजून उत्तर दिलं, तर तो घोळ आमच्या संगणकाला कळत नाही.

दुसऱ्या दिवशीची आई आणि सव्वा महिना उलटलेली आई एकाच सरासरीत घालू नका. बाळंतपणानंतर कितवा दिवस, हा रकाना नसेल तर आम्ही काम परत पाठवतो. (रुसणाऱ्या रुसतात.)

पाचांपैकी चार म्हणजे ८० टक्के खरे, पण शेजारी "५ पैकी ४" लिहाच. फॉर्म अर्धवट सोडलेल्या किती, हेही लिहा. सर्वांत थकलेली बाईच कदाचित पेन खाली ठेवते.

सिझेरियनवाल्यांच्या थकव्याची सरासरी जास्त आली तर "जास्त आढळली" इथे थांबा. "सिझेरियनमुळे" हा शब्द या कोष्टकातून निघत नाही. रक्त कमी असणं, पहिलटकरीण असणं, घरात हाताखाली कुणी नसणं, सगळं त्यात मिसळलेलं असतं.

येताना मूळ फॉर्म आणा, मोबाइलवरचे फोटो नकोत. आईचं नाव झाकून फक्त क्रमांक ठेवा. दुपारी १ ते ४ दुकान बंद.