सोन्याला कसोटी आहे, ॲपला नाही

माझे मामा नागपूरच्या इतवारीतल्या सराफा ओळीत 40 वर्षं कारागीर होते. दागिना हातात आला की आधी तळहातावर वजनाचा अंदाज, मग काळ्या कसोटीवर एक रेघ आणि त्या रेघेवर ॲसिडचा थेंब. रेघ टिकली तर सोनं, फिकी पडली तर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे न बघता दागिना परत. असा माणूस गेल्या लग्नसराईत माझ्यापुढे फोन धरून उभा राहिला. "हे पाय बरं, पत्रिका उघडूनच नाही राहिली."

फाइल व्हॉट्सॲपवर आली होती, तीही ओळखीच्या नंबरवरून. नाव 'लग्नपत्रिका', पुढे टिंब आणि तीन अक्षरं : एपीके. फोनने ताकीद दिली होती, मामांनी ती बाजूला सारून परवानगीही देऊन टाकली होती. शेवटचं 'इन्स्टॉल' तेवढं दाबायचं राहिलं होतं. ते राहिलं ते सावधपणामुळे नव्हे. चष्मा सापडत नव्हता.

पत्रिका फोटोच्या किंवा पीडीएफच्या रूपात आली, तर ती वाचायची वस्तू असते. ती स्वतः काही करत नाही. फोनमधलं दुसरं एखादं ॲप ती उघडून दाखवतं. (फोटोच्या फाइलमध्येही घातक काही दडवता येतं, पण त्यासाठी फोटो दाखवणाऱ्या ॲपमध्ये चूक शोधावी लागते. ते काम महागडं, साध्या भामट्याच्या आवाक्यातलं नाही.) एपीके मात्र वाचायची वस्तूच नाही. तो अख्खा प्रोग्राम आहे. त्याला घरात घेतलं की तो राहायलाच येतो, आणि तुम्ही झोपलात तरी कामाला लागलेला असतो.

ती फाइल मी मामांच्या फोनवरून माझ्या संगणकावर घेतली आणि बसवून न बघता नुसती सोडवली. एपीके म्हणजे मुळात झिप केलेलं गाठोडं. नावापुढची अक्षरं बदलून 'झिप' केली की ते उघडतं. आत गणपतीचं एक चित्र होतं, कोडची फाइल होती आणि प्रत्येक अँड्रॉइड ॲपमध्ये असावाच लागतो तो 'मॅनिफेस्ट' होता. मुलामुलीचं नाव नव्हतं, मुहूर्त नव्हता, मंगल कार्यालयाचा पत्ता नव्हता.

मॅनिफेस्ट म्हणजे ॲपचं मागणीपत्र. फोनकडून काय काय हवं ते ॲपला इथे आधीच लिहून द्यावं लागतं. इथे न लिहिलेली गोष्ट नंतर मागता येत नाही. या पत्रिकेच्या मागण्या अशा : येणारे एसएमएस वाचणं, एसएमएस पाठवणं, संपर्क यादी, फोन सुरू होताच आपोआप जागं होणं आणि स्वतः दुसरी ॲप्स बसवणं. शेवटची मागणी सर्वात बोलकी. पहिलं ॲप नुसता दरवाजा उघडायला येतं, खरा चोर 'अपडेट'च्या नावाने मागाहून शिरतो.

एसएमएस कशाला हवेत, हे सांगायला नकोच. बँकेचा बराचसा भरवसा एका गृहीतकावर उभा आहे : ओटीपी ज्या फोनवर येतो तो फोन मालकाच्या हातात आहे. फोन मालकाच्याच हातात राहतो, पण ओटीपी तिसऱ्याकडे पोचतो. आणि संपर्क यादी कशाला, तर हीच पत्रिका पुढच्या शंभर जणांना 'ओळखीच्या नंबरवरून' जावी म्हणून. कधी हाच माल ई-चलानच्या वेषात येतो, कधी थकलेल्या वीजबिलाच्या, तर शेतकऱ्यांकडे पीएम किसानच्या हप्त्याच्या. वेष बदलतो, मागणीपत्र साधारण तेच राहतं.

मामांना हे सगळं सांगितल्यावर त्यांनी त्यांच्या धंद्यातला प्रश्न विचारला. "मंग याची कसोटी नाही का? रेघ ओढली की कळलं पाहिजे, खरं का खोटं."

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर गणितात आहे. अशी कसोटी नाही, इतकंच नव्हे, ती होऊच शकत नाही. फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकाने 1984 च्या आपल्या शोधनिबंधात हे दाखवलं. युक्तिवाद इतका सोपा की मामांनाही पोह्यांची प्लेट संपेपर्यंत पटला. समजा, एक परिपूर्ण तपासनीस प्रोग्राम आहे. कोणताही प्रोग्राम त्याच्यापुढे ठेवा, तो अचूक सांगतो : व्हायरस आहे किंवा नाही. आता मी एक लबाड प्रोग्राम लिहितो. तो सुरू होताच तपासनिसाला विचारतो, "मी व्हायरस आहे का?" तपासनीस 'हो' म्हणाला तर हा काहीच न करता गप्प बसतो. 'नाही' म्हणाला तर लगेच पसरायला लागतो. म्हणजे तपासनीस काहीही म्हणो, तो खोटाच ठरतो. मुळातच गृहीत धरलेला परिपूर्ण तपासनीस अस्तित्वात असू शकत नाही. याची मुळं गणितज्ञ ॲलन ट्युरिंगच्या 1936 च्या कामात आहेत. एखादा प्रोग्राम कधी थांबेल की चालतच राहील, हे प्रत्येक प्रोग्रामबाबत सांगणारी सर्वसाधारण रीत नाही, हे ट्युरिंगने तेव्हाच सिद्ध केलं होतं.

सोन्याचं तसं नसतं. सोन्याला कसोटीचा दगड दिसत नाही. प्रोग्रामला मात्र आपली परीक्षा चालली आहे हे कळू शकतं आणि तो तेवढ्यापुरता शहाण्यासारखा वागू शकतो. काही घातक ॲप्स खरोखर असंच करतात. आपण खऱ्या फोनवर नसून तपासणीच्या बनावट फोनवर आहोत, असं जाणवलं की ती नुसती पडून राहतात.

म्हणून अँटिव्हायरस निरुपयोगी ठरतो असं नाही. गूगलचं प्ले प्रोटेक्ट 2017 पासून अँड्रॉइड फोनवरची ॲप्स तपासत आलं आहे, व्हायरसटोटल या संकेतस्थळावर एक फाइल चढवली की डझनावारी कंपन्यांची तपासणी एकदम होते. मामांची पत्रिकाही मी तिथेच टाकली आणि बऱ्याच रकान्यांत लाल खुणा उमटल्या. पण हे सगळं ओळख परेडसारखं आहे. आधी पकडलेले चेहरे आणि त्यांच्याशी मिळतेजुळते चेहरे सापडतात. काल रात्री जन्मलेला सापडेलच असं नाही. (आणि तिथे स्वतःची खासगी कागदपत्रं चढवू नका. चढवलेली फाइल इतर तपासणाऱ्यांनाही बघता येते.)

कसोटी नाही म्हटल्यावर उरतं ते दुसरं : माल कोणाकडून आला आणि वाटेत कोणी हात लावला का. सराफा ओळीला हेही नवीन नाही. हॉलमार्क 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि 1 एप्रिल 2023 पासून दागिन्यावर एचयूआयडी हा सहा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक लागतो. ॲपवरचा असा शिक्का म्हणजे डिजिटल सही.

ती होते कशी? आधी अख्ख्या फाइलचा एक ठसा काढतात. एसएचए-256 ही त्याची आज रूढ असलेली पद्धत. फाइल एका ओळीची असो की शंभर एमबीची, ठसा ठरलेल्या लांबीचाच, अंक-अक्षरांत लिहिला तर 64 चिन्हांचा. 'नागपूर'मधला दीर्घ ऊ ऱ्हस्व केला, तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. शक्य ठशांची एकूण संख्या 78 अंकी आहे, त्यामुळे दोन वेगळ्या फाइलींचा ठसा योगायोगाने सारखा निघण्याची भीती सोडून द्यावी. मग ॲप बनवणारा आपल्या गुप्त किल्लीने त्या ठशावर सही करतो. सही तपासायची किल्ली मात्र वेगळी, सगळ्यांना उघड दिलेली. तपासता सगळ्यांना येतं, करता एकालाच येते. दोन किल्ल्यांची ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर, ॲडलमन या तिघांनी ती प्रत्यक्ष चालवून दाखवली.

आता खोच. मामांच्या पत्रिकेवरही सही होती. अगदी वैध.

अँड्रॉइडमध्ये सहीची किल्ली ॲप बनवणारा स्वतःच तयार करतो, ती कोणा सरकारी कचेरीतून प्रमाणित करून आणावी लागत नाही. फोन ती सही मुख्यतः यासाठी वापरतो की उद्या याच ॲपचं अपडेट आलं, तर ते त्याच हाताचं आहे का ते बघावं. तुमच्या बँकेच्या खऱ्या ॲपवर भामट्याला आपलं 'अपडेट' चढवता येत नाही, फोन सरळ नाकारतो. म्हणून तो चिन्ह तेच ठेवतो, वर दिसणारं नाव तेच ठेवतो आणि आतलं नाव बदलून शेजारी दुसरं ॲप बसवतो. मामा म्हणाले, "म्हणजे दुकानदारानं सोताच ठोकलेला शिक्का." मी हे यापेक्षा चांगलं सांगू शकलो नसतो.

सही सांगते ती फक्त 'कोण'. 'चांगलं की वाईट' हे ती सांगत नाही. नावाजलेल्या हाताची सही असली तरी नाही. 2017 मध्ये सीसीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या लोकप्रिय प्रोग्रामच्या एका आवृत्तीत घुसखोरांनी आपलं कोड शिरवलं, तेही कंपनीची सही होण्याआधीच. त्यामुळे 20 लाखांहून जास्त लोकांनी तो अस्सल सहीसह, अधिकृत ठिकाणाहून उतरवून घेतला.

त्याहून मला आवडते ती 2015 ची चीनमधली गोष्ट. आयफोनची ॲप्स ज्यात बनवतात ते ॲपलचं एक्सकोड हे अवजार अधिकृत ठिकाणाहून उतरवायला तिकडे फार वेळ लागायचा. म्हणून अनेक अभियंत्यांनी ते स्थानिक फाइल-साठ्यांवरून घेतलं. त्या प्रती बिघडवलेल्या होत्या. त्यांतून बनणाऱ्या प्रत्येक ॲपमध्ये बनवणाऱ्याच्या नकळत चोरकोड जात राहिलं आणि वीचॅटच्या एका आवृत्तीसह कितीतरी ॲप्स ॲपलच्या स्टोअरमध्ये जाऊन बसली. घाई केली ती ज्यांना हे सगळं कळतं त्यांनीच. तेव्हा चष्मा न सापडलेल्या मामांना हसण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे असं मला वाटत नाही.

कसोटी अशक्य, सही अपुरी. मग फोन टिकून आहे तो भिंतींवर. अँड्रॉइडचा पाया लिनक्स या संगणक-प्रणालीचा. एका संगणकावर अनेक माणसं काम करत तेव्हा एकाच्या फाइली दुसऱ्याला दिसू नयेत, यासाठी तिथे प्रत्येकाला वेगळा क्रमांक मिळे. अँड्रॉइडने हाच क्रमांक माणसांऐवजी ॲप्सना दिला. प्रत्येक ॲप वेगळा भाडेकरू, त्याची खोली वेगळी. परवानग्या म्हणजे भिंतीला पाडलेल्या खिडक्या. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून त्यांतल्या जोखमीच्या एकेक करून, लागेल तेव्हा मागितल्या जातात. त्याआधी सगळ्यांना एकदम 'हो' म्हणावं लागे.

या खिडक्यांत एक मात्र दरवाजाएवढी आहे : ॲक्सेसिबिलिटी. दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवायची, त्यांच्या वतीने बटण दाबायचं, तर ॲपला सगळी स्क्रीन वाचता आणि दाबता यायला हवी. सोय मोलाची आहे. पण तीच चोराला मिळाली तर ओटीपी चोरायचीही गरज उरत नाही, तो तुमच्याच बोटाने व्यवहार करतो. अँड्रॉइड 13 पासून बाहेरून बसवलेल्या ॲपला ही परवानगी सहज मिळत नाही, आडवाटेच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. कोणी फोनवर तुम्हाला ती आडवाट पायरी-पायरीने समजावून सांगत असेल, तर तो कोण हे कळायला तेवढं पुरेसं आहे.

संगणकावर भिंती याहून पातळ. विंडोजवर उतरवून चालवलेला साधा प्रोग्राम तुमच्या नावाने चालतो. तुम्ही उघडू शकता त्या जवळपास सगळ्या फाइली तोही उघडू शकतो. ओळखीच्या एका डीटीपीवाल्याने महागड्या सॉफ्टवेअरचं 'क्रॅक', म्हणजे कुलूप तोडलेली चोरटी प्रत, पेन ड्राइव्हवरून आणलं. सोबतच्या चिठ्ठीतली पहिली सूचना होती, आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. तीन वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली कुलूपबंद झाल्या आणि खंडणीची चिठ्ठी स्क्रीनवर आली. शोधयंत्रात वर दिसणारा पहिला दुवा पुष्कळदा जाहिरात असतो आणि तिथे नकली पानं पैसे मोजून जागा घेतात, म्हणून फुकटचं सॉफ्टवेअरही बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरून किंवा विंडोजच्या स्टोअरमधूनच घ्यावं.

मामांच्या फोनमधली 'अज्ञात ॲप्स'ची परवानगी मी परत काढून घेतली. 2017 च्या अँड्रॉइड 8 पासून ती प्रत्येक ॲपला वेगळी असते, म्हणजे ती फक्त व्हॉट्सॲपच्या नावावरून काढावी लागली. तोवर मामांनी चष्मा शोधला होता आणि पत्रिका पाठवणाऱ्या गृहस्थांना साधा फोन लावला होता. स्पीकरवर आवाज आला, "अहो, सकाळपासून एकविसावा फोन आहे हा. पोरगी आठवीत आहे माझी, लग्न कोणाचं?"

मी मामांच्या हातून फोन घेतला आणि त्या गृहस्थांना सांगितलं : आता आधी फ्लाइट मोड आणि वायफायही बंद, घरातल्या दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा, पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्याच फोनवरून, ॲप काढून फोन फॅक्टरी रीसेट करा, आणि रीसेटनंतर *#21# लावून कॉल दुसरीकडे वळवले आहेत का ते बघा.

"रीसेट केलं तर फोटो जातील ना हो सगळे?" त्यांनी विचारलं.