हिरवळीखालची माती पाण्याने मोकळी करताना

मैदानावर रोज पावलं आणि चाकं फिरत राहिली की वरचा थर दबून घट्ट होतो. चांगल्या मातीत जवळपास निम्मी जागा पोकळ असते आणि वाफशावर, म्हणजे जादा पाणी निचरून गेल्यावर, त्या पोकळीत हवा नि पाणी साधारण सारख्या प्रमाणात असतात. माती दबली की आधी मिटतात त्या मोठ्या पोकळ्या, आणि हवा खेळते ती त्यांतूनच. मग पाणी वरच साचतं, मुळं गुदमरतात आणि खत घालूनही गवत तरारत नाही.

पोकळ दातांच्या यंत्राने मातीच्या कांड्या उपसणं हा त्यावरचा जुना, खात्रीचा उपाय. पण त्यानंतर मैदान काही दिवस विस्कटलेलं राहतं. पाण्याच्या यंत्रात पोलादी दातांचं काम पाण्याच्या धारा करतात. या प्रकारातल्या टोरो कंपनीच्या हायड्रोजेक्टमध्ये दाब सुमारे 5000 पीएसआय, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या 340 पट असतो. एवढ्या दाबाखालचं पाणी बारीक नॉझलमधून सुटलं की गणिताने त्याचा वेग सेकंदाला 260 मीटरच्या आसपास येतो. प्रवासी जेट विमान साधारण याच वेगाने उडतं. ही धार क्षणभरच सुटते, पण तेवढ्यात 10 ते 20 सेंटीमीटर खोल शिरते आणि तळाशी आजूबाजूची माती फोडते. वर दिसतं ते जेमतेम काही मिलिमीटरचं भोक, त्यामुळे भर उन्हाळ्यातही हे काम करता येतं. मात्र यात माती किंवा मेलेल्या गवताचा थर बाहेर निघत नाही. म्हणून जुनं यंत्र मोडीत काढू नये, असंच मी सांगेन.

तयारीत सर्वांत जास्त जपायचं ते पाण्याला. वाळूचा एक कण नॉझल बुजवतो नाहीतर झिजवतो. म्हणून होज जोडण्याआधी त्यातून थोडं पाणी वाहू द्यावं, फिल्टर धुवावा आणि पुरवठा अखंड आहे ना ते पाहावं. पाणी तुटलं की पंप कोरडा फिरतो आणि लवकर निकामी होतो. स्प्रिंकलर, उथळ पाइप आणि वायरी यांच्या जागी आधीच झेंड्या लावाव्यात. खडे वेचून घ्यावेत, कारण धारेच्या तडाख्याने ते उडतात. डोळ्यांवर गॉगल आणि पायात मजबूत बूट हवेतच. धार चालू असताना यंत्र सिमेंटवर किंवा रस्त्यावर नेऊ नये.

खरा धोका मात्र कळत नाही इतका बारीक असतो. जी धार घट्ट माती भेदते तिला कातडी म्हणजे काहीच नाही. होजला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं तरी त्यातून निघणारा फवारा धड दिसतही नाही, आणि माणूस सवयीने गळती हाताने चाचपतो. तसं कधीही करू नये. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा, गळती असेल तर तो भिजतो किंवा फाटतो. कुठलाही जोड सोडवण्याआधी इंजिन बंद करून उरलेला दाब उतरवावा. नॉझल साफ करतानाही हेच.

तरीही धार लागलीच, तर जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, म्हणून लोक पट्टी बांधून कामाला लागतात. आत मात्र पाणी, माती आणि जंतू स्नायूंच्या थरांमधून दूरवर पसरलेले असतात. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातही गमवावा लागतो. अशा वेळी थेट मोठं रुग्णालय गाठावं आणि जखम उच्च दाबाच्या धारेने झाली आहे, दाब किती होता आणि पाण्यात कोणतं रसायन मिसळलं होतं, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावं.