वाळा आणि गवती चहा: कोरड्या कोपऱ्यात कोणता लावावा?

रोपवाटिकेत पिशवीतला वाळा आणि गवती चहा शेजारी असले की फसायला होतं. पात चुरगाळा. लिंबाचा वास आला तर गवती चहा. वाळ्याच्या पातीला वास नसतो, सुगंध सगळा मुळांत. बुडही पाहा: गवती चहाचं गोल आणि फुगीर, वाळ्याचं चपटं, पंख्यासारखं.

नाशिकच्या उन्हाळ्यात खरा फरक जमिनीखाली पडतो. वाळ्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, मोकळ्या जमिनीत दोन-तीन मीटरपर्यंत. म्हणून रुजलेला ठोंब एप्रिल-मे थोड्या पाण्यावर काढतो. गवती चहाची मुळं वरच्या थरातच राहतात; तो थर सुकला की पाती शेंड्याकडून करपतात. उलट काळ्या मातीत पाणी साचलं तर गवती चहाचं बूड कुजतं, वाळा मात्र तेही सोसतो. एक अट: वाळ्याला भरपूर ऊन हवंच, सावलीत तो विरळ होतो.

वाळा कुंडीत लावून ‘कमी पाण्याचं गवत’ म्हणणं चूक आहे. खोल जायला जागाच नसेल तर त्याची ताकद संपते आणि उन्हाळ्यात रोज पाणी मागतो. त्याला जमीनच द्या.

लागवड पाऊस स्थिरावल्यावर, जुलैत. ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचा तुकडा घ्या, पात 20 आणि मुळं 5 सेंटिमीटर ठेवून कापा. लांब पात ठेवली तर मुळं धरण्याआधीच रोप सुकतं. उताराची माती धरायची असेल तर 15 सेंटिमीटरवर ओळीत, शोभेसाठी एक मीटरवर सुटे ठोंब. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी आळं भरून पाणी द्या. रोजच्या शिंतोड्यांनी मुळं वरच रेंगाळतात. पुढच्या वर्षापासून महिन्यातून एक-दोनदा पुरे.

मे अखेरीस वाळा 30-40 सेंटिमीटरवर छाटा, नाहीतर मधली वाळलेली पाती नवे फुटवे दाबतात. गवती चहा दर दोन-तीन महिन्यांनी, जमिनीपासून 10-15 सेंटिमीटर ठेवून कापता येतो. निफाडकडच्या कडक थंडीत त्याची पाती तांबूस पडतात. फेब्रुवारीत कापून पाणी दिलं की नवी फूट येते.

माठात घालायला वाळ्याची मुळं हवी असतील तर दीड वर्षाने पूर्ण ठोंब उपटावा लागतो. त्यासाठी सपाट जागी वेगळे दोन ठोंब ठेवा, उतारावरच्या ओळीला हात लावू नका.