शिकाऊ उमेदवारी
शिकाऊ उमेदवारी : कारखान्यात, कार्यशाळेत किंवा अन्य आस्थापनेत ठरावीक मुदतीसाठी जाणत्या कारागिराच्या हाताखाली राहून व्यवसाय शिकण्याची करारबद्ध पद्धत. बोलण्यात तिला 'अप्रेंटिसशिप' म्हणतात. 'पोरगा रेल्वेत अप्रेंटिसला लागलाय' हे वाक्य भुसावळ, परळ, अंबरनाथकडच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आहे. भारतात ही पद्धत शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ या कायद्याने बांधलेली आहे. महाराष्ट्रात तिच्याकडे जाणारी सर्वांत रुळलेली वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून जाते.

शब्दाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'उमेद' फारसीतून आलेली आशा. नोकरी लागेल या आशेने कचेरीत फुकट किंवा नाममात्र मोबदल्यावर राबणारा तो उमेदवार, आणि त्याचे ते राबणे म्हणजे उमेदवारी. 'दोन वर्षं उमेदवारी केली, मग चिकटलो' असे जुने लोक म्हणत. पुढे हा शब्द निवडणुकीने पळवला, म्हणून कायद्याच्या मराठीत त्याला 'शिकाऊ' हे विशेषण जोडावे लागले. शिकणे आणि आशेवर राबणे हे दोन्ही अर्थ या जोडशब्दात शेजारी बसले आहेत. या पद्धतीवरचे बहुतेक वाद त्याच दोन अर्थांत अडकलेले आहेत.

वादही नवा नाही. शिल्प शिकण्यासाठी गुरूच्या घरी राहणाऱ्या 'अंतेवासी' शिष्याचे नियम स्मृतिग्रंथांत दिलेले आहेत. आप्तांच्या संमतीने मुदत ठरवून त्याने राहावे. गुरूने त्याला जेवू घालावे, शिकवावे, मुलासारखे वागवावे आणि त्याच्याकडून दुसरी कामे करून घेऊ नयेत, असे नारदस्मृती सांगते. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार शिल्प लवकर हाती आले तरी शिष्याने ठरलेली मुदत पुरी करायची आणि तोवरच्या कामाची कमाई गुरूला द्यायची. झाडू मारायला लावू नका ही एका बाजूची तक्रार आणि शिकून लगेच पळून जाऊ नका ही दुसऱ्या बाजूची. आजच्या कारखान्यातही याच दोन ऐकू येतात.

अव्वल इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात यंत्रे आली आणि घरचा धंदा घरात शिकण्याची पद्धत अपुरी पडू लागली. रेल्वेच्या कार्यशाळा, गोदी आणि दारूगोळा कारखाने यांनी आपापले अप्रेंटिस घडवले. कापड गिरण्यांना लागणाऱ्या तंत्रज्ञांसाठी मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू झाले. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखान्याची वसाहत वसवली. तिथे आसपासच्या गावांतली माणसे कामावरच तयार करण्यावाचून इलाज नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये केंद्राने शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना आखली आणि आयटीआयचे जाळे विणले जाऊ लागले. १९५६ मध्ये संस्थांचा कारभार राज्यांकडे आला. अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्र मात्र अखिल भारतीय राहिले. महाराष्ट्रात हा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहते. राज्यात शासकीय आयटीआयच चारशेहून अधिक आहेत, खासगी वेगळ्या. प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, काही व्यवसायांना आठवी पासही चालते. इथे विषयाला 'व्यवसाय' किंवा 'ट्रेड' म्हणतात आणि त्यांची सरकारी नावे ऐकण्याजोगी आहेत : जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), यंत्र कारागीर (मशिनिस्ट). ही नावे महावितरणच्या जाहिरातींत आणि गुणपत्रिकांवर दिसतात. मुले फिटर आणि वायरमनच म्हणतात. शिकवणाऱ्याचे पद 'शिल्प निदेशक', पण हाक 'सर'.

संधात्याचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, जोडाऱ्याचा दोन. जोडाऱ्याच्या पहिल्या महिन्यांत यंत्राला हात लागतच नाही. शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, लोखंडाचा तुकडा आवळायचा आणि कानशीने घासत बसायचे. पृष्ठभाग सपाट झाला का, कोपरा ९० अंशांत आला का, हे गुण्याची पट्टी लावून उजेडासमोर धरून पाहायचे. फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासायचे. हाताला फोड येतात, आणि कंटाळून संस्था सोडणारे याच टप्प्यावर सोडतात. पुढे ०.०२ मिमीपर्यंत मोजणारा व्हर्निअर कॅलिपर येतो, ०.०१ मिमीचा मायक्रोमीटर येतो, एकात एक बसणारे 'मेल-फिमेल' जोड येतात. स्वयंचलित यंत्रांच्या जमान्यात ही कानसघाशी कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. किती घासले म्हणजे किती जाते याचा हातातला अंदाज दुसऱ्या कशाने येत नाही, हे जुन्या निदेशकांचे उत्तर पटण्यासारखे आहे. मात्र शेजारचे लेथ वर्षानुवर्षे जुनेच असेल, तर हे उत्तर सबबही ठरते.

आयटीआयचे प्रमाणपत्र हातात आले की साधारणपणे वर्षभराची शिकाऊ उमेदवारी करायची आणि पुन्हा परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळवायचे, हा रूढ क्रम आहे. एसटी महामंडळ, महावितरण, रेल्वे, माझगाव डॉक आणि संरक्षण कारखाने ही मोठी ठिकाणे. माझगाव डॉक आठवी आणि दहावी झालेल्यांनाही थेट घेते; आयटीआयची पायरी त्यांना लागत नाही. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी व पदविकाधारक अभियंते, तर १९८६ च्या दुरुस्तीने बारावीला व्यवसाय विषय घेतलेली मुलेही कायद्याखाली आली. २०१४ मध्ये मालकांना तुरुंगवासाची शिक्षा काढून दंडच ठेवला गेला. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले, आणि किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरले; आयटीआय झालेल्याला ७,०००. ऑगस्ट २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, कमाल १,५०० रुपये, केंद्र उचलते.

कायद्याचा कणा, आणि दुखरी नसही, म्हणजे कलम १८. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे, असे ते म्हणते. त्यामुळे कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. सुरक्षिततेच्या तरतुदी आणि अपघाताची भरपाई मात्र मिळते. शिकण्याची हमी असेल तर ही रचना न्याय्य आहे. पण पाळीवर माणूस कमी पडला की प्रशिक्षणार्थी त्या जागी उभा केला जातो. वर्षभर एकाच यंत्रावर एकच भोक पाडणारा मुलगा काय शिकला, हे करारपत्रात दिसत नाही. एका कारखान्यात वर्ष काढलेला ओळखीचा मुलगा म्हणाला होता, 'शिकलो काय? वेळेवर हजेरीचं पंचिंग करायला.' सगळीकडे असे नसते. टेल्कोसारख्या (आताची टाटा मोटर्स) कंपन्यांनी पुण्यात स्वतंत्र प्रशिक्षण विभाग उभारून घडवलेल्या पोरांना पुढे पिंपरी-चिंचवडचे लघुउद्योजक दारात उभे राहून उचलत, आणि त्यांतल्या कित्येकांनी स्वतःचे वर्कशॉप टाकले.

दुसरी गाठ कलम २२ मध्ये आहे : मुदत संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. उत्तर प्रदेशातील परिवहन महामंडळाच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला. बाकी सर्व सारखे असेल तर थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे सांगितले. नोकरीचा हक्क दिला नाही. २०१४ च्या दुरुस्तीने भरतीचे धोरण मालकाने स्वतः ठरवावे, एवढेच म्हटले. रेल्वेने खालच्या श्रेणीतील भरतीत अप्रेंटिसांसाठी २० टक्के जागा ठेवल्या. ही मर्यादा काढून सर्वांना सामावून घ्या, या मागणीसाठी २० मार्च २०१८ च्या सकाळी शेकडो तरुण दादर-माटुंग्यादरम्यान रुळांवर बसले. ऐन गर्दीच्या वेळी मध्य रेल्वेच्या लोकल काही तास थांबल्या. शहराला त्या दिवशी उमेदवारी या शब्दाचा जुना अर्थ आठवला असावा. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली : सहा महिने, बारावी पासला ६,०००, आयटीआय व पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. मुदत संपत आली तशी 'आम्हाला कायम करा' हीच हाक तिथेही उठली.

मुलींसाठी आयटीआयत ३० टक्के जागा राखीव आहेत आणि काही संस्था केवळ महिलांच्या आहेत. तरी बऱ्याच काळपर्यंत मुली शिवणकाम, केशरचना आणि संगणक या व्यवसायांतच दिसत. विजेच्या खांबावर चढणाऱ्या महिला तंत्रज्ञ आता महावितरणमध्ये नवलाईच्या राहिल्या नाहीत. त्यांची वाट वीजतंत्री आणि तारतंत्रीच्या तुकड्यांतूनच आली.

या सगळ्या व्यवस्थेबाहेर शिकणाऱ्यांची संख्या मात्र मोठी आहे. गॅरेजमधला 'वस्ताद' आणि त्याला 'दहा-अकराचा पाना दे' म्हटल्यावर न बघता योग्य पाना देणारा पोरगा यांच्यात करार नसतो, विद्यावेतन नसते. चहा, जेवण आणि सणाला पैसे असतात. दहा वर्षांनी तो इंजिन आवाजावरून ओळखतो, पण कागद काही नसतो. अनुभवाच्या जोरावर खासगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसण्याची सोय त्याच्यासाठी आहे. त्यासाठी अनुभवाचा दाखला मालकाच्या सही-शिक्क्यानिशी लागतो, आणि त्या गॅरेजात सगळे पाने सापडतात, शिक्का तेवढा सापडत नाही.