ब्रिटनचा फोन इथे मुका का होतो?

ब्रिटनमधून आणलेला जुना फोन प्लग बदलणारा अ‍ॅडॉप्टर लावून आपल्या लँडलाइनला जोडला की कधीकधी अर्धंच काम होतं. डायल टोन येतो, नंबर लागतो, बोलणंही स्वच्छ ऐकू येतं. बाहेरून फोन आला की मात्र घंटी वाजत नाही. फोन धडधाकट असतो, चुकलेला असतो अ‍ॅडॉप्टर.

टेलिफोन एक्स्चेंजकडून लाइनवर सतत सुमारे ५० व्होल्ट डीसी (एकाच दिशेचा विद्युतप्रवाह) येत असतो. फोन येतो तेव्हा त्यावर घंटीसाठी ७५ व्होल्टच्या आसपास एसी (दिशा बदलत राहणारा प्रवाह) चढतो, म्हणून चालू लाइनच्या उघड्या वायरला हात लावू नये. घंटीच्या आधी कपॅसिटर हवाच. तो डीसी अडवतो आणि एसी सोडतो. तो नसेल तर घंटीच्या कॉइलमधून डीसी वाहत राहील आणि एक्स्चेंजला वाटेल की रिसीव्हर उचललेलाच आहे.

आपल्याकडच्या फोनमध्ये हा कपॅसिटर आतच बसवलेला असतो. त्यामुळे आरजे-११ (लँडलाइनच्या नेहमीच्या छोट्या) पिनच्या मधल्या दोन वायरींवर सगळं भागतं. ब्रिटनमध्ये १९८१ साली आलेल्या रुंद प्लगचा खटका बाजूला असतो आणि लाइन दुसऱ्या व पाचव्या जागी येते. घंटीसाठी तिसरी वायर वेगळी. तिचा १.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भिंतीवरच्या मुख्य सॉकेटमध्ये असतो, घरातल्या सगळ्या फोनना मिळून एकच. तिथला जुना फोन इथे आणला की हा कपॅसिटर भिंतीतच मागे राहतो! म्हणून अ‍ॅडॉप्टर घेताना ‘रिंग कपॅसिटर आत आहे का?’ हे विचारूनच घ्या. नुसत्या दोन वायरी जोडणारा स्वस्त अ‍ॅडॉप्टर इथे कुचकामी.

उलट, इथला फोन लंडनला नेला तर साधा अ‍ॅडॉप्टर पुरतो. फक्त वायर इथलीच वापरा. ब्रिटिश फोनसोबतच्या काही वायरींच्या आरजे-११ टोकाला लाइन मधल्या जोडीऐवजी बाहेरच्या जोडीवर असते, आणि मग डायल टोनच येत नाही. पारदर्शक पिन उजेडात धरली की तांब्याच्या पट्ट्या कोणत्या खाचांत आहेत ते स्पष्ट दिसतं.

ब्रिटनमधली तांब्याच्या लाइनींवरची जुनी फोनसेवा जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. फोन इंटरनेटवर गेलेल्या घरात भिंतीवरचं सॉकेट मृत असू शकतं. फोन राउटरच्या मागच्या सॉकेटला लावून पाहा.